सहा बोटांत बसणारा गिअर

थंडी परत आली. आज सकाळी नाशिकच्या इंदिरानगरातून निघताना गाडीच्या काचेवर इतकं दव होतं की फडकं पुरेना. मग मागच्या सीटवर पडलेल्या संघटनेच्या पत्रकांतलं एक घेतलं आणि त्याचा बोळा केला. स्वस्त शाई. काचेवर लाल ओरखडे उमटले आणि त्यांच्यामधून रस्ता दिसायला लागला. आमच्या पत्रकांचा इतका थेट उपयोग क्वचितच झाला असेल. आत बसले, गिअरच्या मुठीला हात लावला. स्टीलची मूठ, रात्रभर गारठलेली, बोटांना चावली. पहिला टाकला. खट्.

आवाज लहानच आहे, साबणाच्या डबीचं झाकण बसावं तेवढा. चार थंड्यांपूर्वी तो या गाडीत नव्हता. तो यावा म्हणून त्या वर्षी मी जितक्या लोकांशी भांडले, तितक्यांशी तर अख्ख्या पाणीपट्टीच्या आंदोलनात भांडले नव्हते. त्यात काही माझ्याच बाजूचे होते.

खांद्याचं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे हळहळायला कुणाला वाव नको. एकोणिसाव्या वर्षी सिन्नरच्या रस्त्यावर मी काळ्या-पिवळ्या जीपमधून पडले. आत सोळा जण होते आणि मी मागच्या पायरीवर लटकलेली सतरावी. डाव्या खांद्यात पट्टी आणि स्क्रू बसले. कोपरापासून खाली हात शाबूत आहे. त्याने मी पत्रकांचे गठ्ठे बांधते, डफ धरते, नको तिथे बोटही दाखवते. फक्त खांदा पुढे पूर्ण सरळ होत नाही आणि मागेही फार जात नाही. त्या हाताचं सगळं कर्तृत्व माझ्या अंगासमोरच्या एका तुकड्यात चालतं, खिडकीत उभं राहून गल्ली चालवावी तसं.

आणि आपल्याकडे गिअर डाव्या हाताला. पहिला, तिसरा, पाचवा पुढे. दुसरा, चौथा मागे. मामांनी मोठी गाडी घेतली आणि त्यांची आठ वर्षं वापरलेली पांढरी छोटी गाडी माझ्याकडे आली, तेव्हा हे गणित मला पहिल्याच दिवशी कळलं. पुढचे गिअर टाकायचे तर मला कमरेतून वाकावं लागे, आणि वाकलं की डोळे रस्त्यावरून खाली येत. सीट पुढे ओढली तर गुडघे स्टिअरिंगला लागत आणि मागचे गिअर टाकताना कोपर सीटच्या पाठीत अडके. सम गिअर कसेबसे माझे होते, विषम परक्यांचे. दुसऱ्या गिअरवर गाडी उठवायची आणि चौथ्यावर ढकलत न्यायची, इंजिन खोकत राहायचं.

लोकांनी लगेच उपाय सुचवले. ड्रायव्हर ठेव. अपंगांसाठी वेगळी गाडी मिळते, तिचा अर्ज कर. लग्न कर, तो चालवेल. हे शेवटचं दोन वेगवेगळ्या घरांतून आलं, दोन्हीकडे चहा चांगला होता. गंमत अशी की हात बदलायला सगळे तयार होते. गिअरचा दांडा बदलावा असं कुणालाच सुचेना. तो कंपनीकडून आला होता ना. जणू देवाने हात केला तो चुकीचा आणि कारखान्याने दांडा केला तो बरोबर.

मला गाडी हवी होती ती विंचूरसाठी. त्या थंडीत आम्ही तिथल्या कांद्याच्या खळ्यांवर निवडणीचं काम करणाऱ्या बायकांबरोबर काम करत होतो. मागण्या तीन: डोक्यावर सावली, प्यायला पाणी आणि एक दार लागणारा संडास. लाल कांद्याचा हंगाम ऐन भरात. खळ्यावर गेलं की आधी नाकात कांद्याची सालपटं जायची, मग डोळ्यांत, मग बोलताना तोंडात. बायका पाचच्या सुमारास हात झटकून उठत आणि आमची बैठक बसे. साडेपाचला नाशिकच्या बाजूची शेवटची खात्रीची जीप. म्हणजे बैठक अर्ध्या तासाची. त्यातली दहा मिनिटं डोळे चोळण्यात.

हौसाबाई त्या बायकांमधली सगळ्यात स्पष्ट बोलणारी. दिवसभर उकिडवं बसून तिचे गुडघे आखडलेले असत, पण जीभ नाही. एकदा मी वही मिटत असताना ती म्हणाली, "ताई, तुमी येता, वही काढता आन् जीपचा हारन वाजला की उठता. आमचं बोलणं काय हारनवर हाय का?"

मी म्हणाले, "पुढच्या वेळी लवकर येते."

"लवकर येऊन काय करता? आमी सुटतो पाचाला. तुमी उशिरा जायचं बगा."

मी मिटलेली वही परत उघडली आणि लिहिलं: उशिरा जायचं.

तर असं ते होतं. मी स्वतः गाडी चालवू शकले तर हौसाबाईचं बोलणं पूर्ण होणार होतं, नाहीतर अर्धंच राहणार होतं. शिकाऊ परवाना हातात होता, त्याची मुदत थंडीसोबतच संपत होती.

शॉर्ट शिफ्टर नावाची वस्तू मला कॉलेज रोडवरच्या गाडीच्या सामानाच्या दुकानात सापडली. बरोबर विलास होता, आमच्या संघटनेतला. त्याच्याकडे पक्का परवाना, म्हणून मी शिकत असताना तो शेजारी बसे. काचेच्या कपाटात, रंगीत दिवे आणि कर्कश भोंगे यांच्या मधोमध, एका खोक्यात तो दांडा झोपला होता. खोक्यावर काळ्या चष्म्यातला परदेशी तरुण. दुकानदाराने तो काढला आणि विलासपुढे ठेवला.

"भाऊ, मक्खन. थ्रो निम्मा होतो. मूठ जरा हलवली की गिअर. आपली रेसिंगची पोरं हाच नेतात."

विलास म्हणाला, "गाडी हिची आहे. मी शेजारी बसून देवाचं नाव घेतो."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. "मॅडमला? मग ते सीटकव्हर बघा ना, गुलाबी आलंय नवीन."

मी म्हणाले, "सीट ठीक आहे माझी. हा माझ्या गाडीला बसतो का ते सांगा."

बसत नव्हता. दुसऱ्या, नव्या गाडीचा होता. थोडं कापून, थोडं ठोकून बसवू, तो म्हणाला. मी खोका परत दिला. बाहेर आल्यावर विलास हसत होता. "आपण एसटीने फिरणारे लोक. उद्या पत्रक काढू, शॉर्ट शिफ्टर आमच्या हक्काचा."

"काढ. मजकूर मी देते."

"अगं, ही पोरांची हौस आहे."

"चष्मासुद्धा कुणाची तरी हौस म्हणूनच कपाटात असतो. तू नाकावर घातलास की गरज होते."

विलासने नाकावरचा चष्मा सारखा केला.

मला तेव्हा खरा राग या गोष्टीचा आला की ज्याचा हात लांब आहे, त्याला आणखी मजा यावी म्हणून ही वस्तू कुणीतरी डोकं लढवून बनवली होती. ज्याचा हात पोचतच नाही, त्याच्यासाठी तिच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. जगातल्या निम्म्या सोयी अशाच, आधीच सोयीत असलेल्यांच्या करमणुकीतून गळून पडलेल्या. पडल्या तर पडल्या, उचलायला मला लाज नाही.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत सोनवणे मिस्त्रींचा लोखंड कातायचा लेथ होता. साठीच्या पुढचे, कानात कापूस, सदऱ्याला लोखंडाचा वास. विलास आणि मी दुपारी गेलो तेव्हा ते भाकरी खात होते.

"काय गं पोरी, रेसला जायचं का?"

"नाही, विंचूरला."

"विंचूरला रेस कधीपास्नं सुरू झाली?"

भाकरी संपवून त्यांनी दांडा हलवून पाहिला आणि पहिल्यांदा एक शिवी दिली, मला नाही, मामांना. दांडा जिथे टेकतो तिथलं रबरी बुश झिजून गेलं होतं. त्यामुळे मूठ निम्मी तर नुसतीच डुलत होती. "अर्धा आजार ह्यो हाय," ते म्हणाले. "आधी नवं बुश. मग तुझं ते शॉर्ट-बिर्ट."

मग त्यांनी मला समजावलं. दांडा मध्ये एका गोळ्यावर फिरतो. वरचा भाग आपल्या हातात, खालचा भाग गिअरबॉक्सकडे जाणारी सळई ढकलतो. खालचा भाग लांब केला की हाताला कमी हलावं लागतं. काही पोरं गोळ्याखाली वायसरच्या चकत्या घालून दांडा वर उचलतात. तसं स्वस्तात होतं, पण खडखडतं. नवा दांडा कातून घेतला तर चांगला. "पण एक ध्यानात ठेव. हात जेवढा कमी फिरंल, तेवढा जोर जास्त लागंल. फुकट काय भेटत नाय."

ते मी ऐकलं, आणि ऐकून सोडून दिलं. माप द्यायची वेळ आली. मी सीटवर बसले, खांदा न ताणता हात पुढे नेला, मागे आणला. त्यांनी एका पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर खुणा केल्या. जुना दांडा जवळजवळ वीतभर फिरत होता. माझा हात सुखाने फिरत होता तो सहा बोटं.

आणि कागदावर मी लिहिलं: चार बोटं.

का, ते सांगते, कारण ही चूक माझ्यासारख्यांनाच जमते. आम्ही दहा मागतो, सहा मिळावेत म्हणून. निवेदनात कधी खरा आकडा लिहायचा नाही, हे मला पहिल्या मोर्च्यापासून शिकवलेलं. तीन नळ हवे असतील तर सहा मागा. समोरचा घासाघीस करणार, रडणार, नियम दाखवणार, आणि शेवटी आपण कपाळाला आठ्या घालून तीन स्वीकारणार. इथे बोटं जितकी कमी, तितकी मागणी मोठी. मला वाटलं, मिस्त्री म्हणतील, चार होत नाही गं, सहा घे. मग मी जराशी कुरकुर करून सहा घेईन.

मिस्त्री काहीच म्हणाले नाहीत. कागद खिशात घातला आणि आठवड्याने चार बोटांचा दांडा तयार ठेवला.

बसवला तेव्हा दुपारचं ऊन होतं, इंजिन गरम होतं. गिअर जड होते, पण पडत होते. मी वसाहतीत एक फेरी मारली, वाकल्याशिवाय, डोळे रस्त्यावर ठेवून. विलास शेजारी चक्क देवाचं नाव घ्यायला विसरला. तिसरा पुढे होता आणि माझा हात तिथे पोचला. एखाद्या घरात वर्षानुवर्षं बंद असलेली खोली उघडावी, तसं मला झालं.

परवान्याची चाचणी सकाळी होती. त्या वर्षीची सकाळ म्हणजे नाकपुड्या आतून चिकटत. चाचणी घेणारे साहेब मफलर गुंडाळून शेजारी बसले. पहिला कसाबसा पडला. गाडी निघाली. दुसरा पडेना. रात्रभरच्या थंडीने गिअरबॉक्समधलं ऑईल मधासारखं घट्ट झालेलं, दांडा चार बोटांचा, आणि माझ्या खांद्यात जेवढा जोर होता तेवढा मी लावला. दांडा भिंतीसारखा उभा. गाडी नुसतीच घरंगळली, आचके दिले आणि मैदानाच्या मध्यावर बंद पडली.

साहेब वाईट नव्हते. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, जिवापेक्षा काय मोठं आहे. अपंगांच्या गाडीचं बघा ना तुम्ही." त्यांच्या डोळ्यांत कणव होती. कणवेशी भांडायचं पत्रक अजून मला लिहिता आलेलं नाही.

मी तडक सिन्नर गाठलं. विलास गाडी चालवत होता, गिअर टाकताना त्याचेही दात करकरत होते. सोनवणे मिस्त्रींपुढे जाऊन मी म्हणाले, "तुम्ही मला अडवलं का नाही?"

"कशापायी अडवायचं? तू चार लिवलं, म्या चार केलं."

"मला वाटलं, तुम्ही म्हणाल, जमत नाही."

"जमत होतं की." त्यांनी कानातला कापूस काढला, म्हणजे आता ते खरोखर ऐकणार होते. "तुला पायजे होतं किती?"

"सहा."

"मग चार का लिवलं?"

मी सांगितलं. निवेदनं, नळ, घासाघीस, सगळं. म्हाताऱ्याने हातातला कापूस लेथवर ठेवला. मग विलासकडे बघून म्हणाला, "तुमी लोकं डाक्टरला बी असंच सांगता काय? दोन ठिकाणी दुखत असलं तं चार ठिकाणी?"

विलास म्हणाला, "ही सांगते."

"लेथ घासाघीस करत नाय पोरी. त्याला जे सांगशील ते त्यो करतो. म्हून त्याला खरं सांगावं लागतं."

मला म्हाताऱ्याचा राग आला होता आणि तो म्हणत होता ते बरोबर होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात, हे तेव्हा मला नवीन होतं. सहा बोटं. माझी खरी गरज एका आकड्यात मावत होती आणि मी ती कुणापुढेही तशीच्या तशी ठेवली नव्हती. कारण खरी गरज सांगितली की समोरचा त्यातूनही कापणार, हे गृहीत. आमच्यासारख्यांना जगाने लावलेली ही सवय आहे. मी तिची माफी मागणार नाही. पण त्या दिवशी ती माझ्याच गळ्यात आली.

दुसऱ्यांदा मिस्त्रींनी नुसतं माप बदललं नाही. त्यांनी मला परत सीटवर बसवलं आणि माझा हात जिथे आपोआप पडतो तिथे दांड्याची मूठ यावी म्हणून दांडाच वरून माझ्याकडे वाकवला. आगीवर लाल करून, दोन ठोक्यांत. सहा बोटांचा, वाकडा दांडा. वरती स्टीलची गोल मूठ. दिसायला एकदम विचित्र, मान वळवून कुणीतरी आपल्याशी कुजबुजायला यावं तसा. टाकून बघितला. खट्. परत. खट्. मी पहिल्यापासून पाचव्यापर्यंत आणि उलटं असं इतक्या वेळा केलं की मिस्त्री म्हणाले, "झिजंल गं आजच."

एक कबुली द्यायची आहे. मला तो आवाज आवडला. गरज भागली म्हणून नाही, नुसताच आवडला. त्या दुकानातल्या रेसिंगवाल्या पोरांना आवडतो तसाच. आमच्या पत्रकांत फक्त गरजेला जागा असते. पाणी, सावली, दार लागणारा संडास. त्या दारामागे बाईने पाच मिनिटं निवांत बसून गुणगुणावं, हे आम्ही कधी लिहीत नाही, कारण ते लिहिलं तर मागणी हलकी होते म्हणतात. मी म्हणते, होऊ दे. मी विंचूरच्या रस्त्याला लागले की कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या मागे दुसरा, तिसरा, परत दुसरा करत जावं लागतं. निफाडकडे द्राक्षवाल्यांनी बागेत पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर रस्त्यावर आडवा पडलेला असतो, आणि माझा हात त्या सहा बोटांत पाण्यातल्या माशासारखा फिरत असतो. ही चैन आहे. मी ती करते. ज्यांना माझ्या हातात फक्त दुःख बघायचं असेल त्यांनी दुसरीकडे बघावं.

दुसरी चाचणी त्याच मैदानावर, त्याच साहेबांकडे, शिकाऊ परवान्याला चार दिवस उरले असताना. सकाळ तितकीच गार. साहेबांनी आत डोकावून दांड्याकडे बोट दाखवलं.

"हे असं कंपनीकडून येतं?"

"नाही. कंपनीने माझा हात मोजला नव्हता."

मी रात्री जागून केलेलं छोटंसं भाषण तयार होतं. ते मला म्हणायला मिळालं नाही. साहेब म्हणाले, "उतरा. मी बघतो आधी, सेफ आहे का," आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले.

त्यांचा डावा हात सवयीने पुढे गेला, जिथे मूठ असायला हवी तिथे. तिथे हवा होती. मूठ त्यांच्या मांडीजवळ होती. कोपर मागे घेतलं तर ते सीटला आपटलं. त्यांनी पहिला म्हणून तिसरा टाकला, कारण आता गिअरांची घरं जवळजवळ होती, आणि गाडी एक आचका देऊन बंद पडली. परत चालू केली. परत तिसरा. परत बंद. मैदानावर रांगेत उभी असलेली पोरं बघत होती. मी खिडकीपाशी उभी होते. पंचवीस वर्षं गाडी चालवलेला, धडधाकट माणूस आपल्याला न बसणाऱ्या यंत्रात बसला होता, आणि त्याच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला होता. मला हसू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मला ते सगळं फार ओळखीचं होतं.

ते उतरले. गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आले, बसले, मफलर सैल केला.

"चला," म्हणाले.

पहिला. खट्. दुसरा. मैदान संपलं, त्यांनी हाताने रस्ता दाखवला, मी रस्त्याला लागले. तिसरा. चौथा. ते दांड्याकडे बघत होते, मग माझ्या हाताकडे, मग समोर. नजरेत आता कणव नव्हती. एक माणूस दुसऱ्याचं काम बघतो तसं ते बघत होते.

"पुरे," ते म्हणाले. "झालं. पुढच्या चौकातून वळवा."

"पाचवा राहिलाय, साहेब," मी म्हणाले, आणि टाकला.